पानावरून रोपाची परीक्षा

परसात मोरीच्या पाण्यावर दोन-चार टमाट्यांची रोपे लावण्याची रीत कळसाडीसारख्या गावांत जुनीच आहे. रोप कमरेइतके वाढते, फुले धरतात आणि एके दिवशी पाने पिवळी पडलेली किंवा मुरडलेली दिसतात. मग घरातील कोणीतरी कपाशीवर फवारून उरलेल्या औषधाची बाटली शोधू लागतो. बाटलीला हात लावण्यापूर्वी पान नीट पाहावे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. कपाशीवर सर्रास वापरल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे. परसातला टमाटा तर संध्याकाळी तोडला की रात्रीच चटणीत जातो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर दगावले होते, हेही ध्यानात असावे.

मी बँकेत कारकुनी करणारा मनुष्य, पदवी कला शाखेची. परंतु दिवसअखेर हिशेब जुळला नाही, तर आम्ही सगळ्या वह्या पुन्हा लिहीत बसत नाही. फरक कोणत्या पानावर आहे ते आधी शोधतो. रोपाचेही तसेच आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा की, बिघाड खालच्या जुन्या पानांवर सुरू झाला की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर? नत्र आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये रोपाच्या अंगात फिरती असतात. कमी पडली की रोप ती जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. म्हणून खालचे पान सगळेच फिकट पिवळे झाले तर नत्राची उणीव समजावी आणि शेणखत द्यावे. खालच्याच पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियमची उणीव असते. लोह मात्र जुन्या पानांतून हलत नाही. त्याची उणीव शेंड्याला दिसते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि पाणी साचले तर आणखीच अडचण होते. अशा वेळी खताऐवजी पाण्याला वाट करून द्यावी.

मुरडलेल्या पानांबाबत सर्वांत जास्त घोटाळा होतो. चैत्र-वैशाखात दुपारी खालची पाने पुंगळीसारखी वर वळतात, पण रंग हिरवा असतो आणि रोपाची वाढ चालू असते. हा रोग नव्हे. उन्हापासून पाणी वाचवण्याची रोपाची ती युक्ती आहे. याउलट शेंड्याची पाने बारीक, सुरकुतलेली, कडेने पिवळी झाली, रोप खुरटून झुडपासारखे दिसू लागले आणि फुले गळू लागली, तर तो विषाणूचा बोकड्या होय. मिरची पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा शब्द कोणाला नवा नाही. टमाटा आणि मिरची एकाच कुळातील आहेत. रोप हलवून पाहावे. पानांखालून पांढऱ्या बारीक माश्या उडाल्या तर विषाणू आणणारा सापडला. रोगट रोपावर कोणतेच औषध चालत नाही. ते उपटून पुरावे. उरलेल्या रोपांसाठी पिवळ्या रंगाच्या डब्याला एरंडेल फासून टांगावा, म्हणजे माश्या चिकटतात. 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून पानांच्या खालच्या बाजूस फवारावी. काही विषाणू हातानेही पसरतात. तंबाखू मळून थेट रोपाला हात लावणाऱ्यांनी आधी हात साबणाने धुवावेत. तंबाखूही याच कुळातली!

2020 च्या उन्हाळ्यात राज्याच्या टोमॅटो पट्ट्यात फळांवर रंगांचे पट्टे पडू लागले. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. कोरोनाचे दिवस, त्यामुळे असे टोमॅटो खाल्ल्याने माणसाला रोग जडतो अशी अफवा उठली. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. वनस्पतींचे असे विषाणू माणसाला बाधत नाहीत. परंतु अफवेने भाव पडायचे ते पडतातच.

ठिपक्यांचे निदान त्यामानाने सोपे आहे. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आणि त्यांत एकात एक वर्तुळे असली की तो करपा. ती पाने तोडावीत, बुंध्याशी पाचट पसरावे आणि पाणी पानांवर न ओतता मुळाशी द्यावे. थंड, ओलसर हवेत पानांवर भिजल्यासारखे काळपट डाग येऊन खाली पांढरी बुरशी दिसली तर तो उशिरा येणारा करपा. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून सुमारे 10 लाख माणसांच्या मृत्यूला कारण ठरलेला तो हाच. तो थोड्या दिवसांत सर्व रोपे संपवतो, तेव्हा रोगट रोप तत्काळ काढावे. पानावरच्या पांढऱ्या नागमोडी रेघा नागअळीच्या. त्या पाहून घाबरण्याचे कारण नाही.

हिरवेगार रोप पाणी असूनही अचानक मान टाकते, तेव्हा विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. बुंध्याजवळचा देठ कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावे. थोड्या वेळात दुधाळ धार खाली उतरू लागली तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्या जागी पुढे काही हंगाम टमाटा, मिरची, वांगी लावू नयेत. मका किंवा मेथी लावावी.

एवढे करूनही उमगले नाही तर नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवावा. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नये, वाटेतच कुजतो. वर्तमानपत्राच्या कागदात एक रोगट व एक निरोगी अशी दोन पाने देठासह गुंडाळावीत. सोबतच्या चिठ्ठीवर लागवडीची तारीख, पाणी किती दिवसांआड देता आणि आधी काही फवारले असल्यास त्याचे नाव लिहावे.