महादेवपुऱ्यातून जपानचा बाजार

मुंबई आणि जपान यांचा व्यापारी संबंध काही आजचा नव्हे. १८९३ साली जमशेटजी टाटा यांच्या पुढाकाराने निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीच्या आगबोटी मुंबई आणि कोबे यांच्या दरम्यान धावू लागल्या व इकडचा कापूस तिकडील गिरण्यांना थेट पोहोचू लागला. तो व्यवहार पेढीवाल्यांचा होता. सामान्य गृहस्थाला त्यात स्थान नव्हते. आज मात्र एखादा पगारदार मनुष्य घरबसल्या ओसाका येथील अनोळखी माणसाकडून एकच वस्तू विकत घेऊ शकतो. हा नवा व्यवहार चालतो कसा, आणि त्यात सावधगिरी कोठे बाळगावी, हे समजून घेण्याजोगे आहे.

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा ही पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होती. २००७ साली ती शहराच्या महानगरपालिकेत विलीन झाली. संगणक-उद्योगाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबांनी तेथे बिऱ्हाड केले आहे. अशाच एका घरात वडिलांचे जुने एच.एम.टी. घड्याळ आहे अशी कल्पना करावी. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली बंगळूरमध्ये घड्याळांचा कारखाना काढला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. पुढे २०१६ साली घड्याळांचा तो कारभार बंद करण्याचा निर्णय झाला. वडिलांच्या घड्याळाच्या कुळातील एखादे जुने सिटिझन घड्याळ मिळावे, असे मुलाच्या मनात आले, तर त्याची दृष्टी साहजिकच जपानकडे वळते.

जपानमध्ये वापरलेल्या वस्तूंचा बाजार मोठा आणि सुव्यवस्थित आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांना परवान्याच्या शिस्तीत आणणारा कायदा तेथे १९४९ पासून आहे. १९९९ साली सुरू झालेला याहूचा लिलाव आणि २०१३ साली स्थापन झालेल्या मर्कारी कंपनीचा बाजार यांमुळे ही देवघेव घराघरांत पोहोचली. मर्कारीच्या पद्धतीत एक मार्मिक गोष्ट आहे. ग्राहकाचे पैसे कंपनी स्वतःजवळ ठेवते. वस्तू हाती पडून समाधान झाल्याचे ग्राहकाने कळविल्यावरच ते विक्रेत्यास मिळतात. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन माणसांत विश्वास निर्माण करण्याची ही युक्ती आहे.

परंतु परदेशस्थ ग्राहकाची अडचण येथेच सुरू होते. बहुतेक विक्रेते माल देशाबाहेर पाठवीत नाहीत, आणि खाते उघडण्यास बहुधा जपानमधील पत्ता व दूरध्वनी क्रमांक लागतो. म्हणून मध्ये एक मध्यस्थ येतो. झेनमार्केट, बायी अशा संस्था हे काम करतात. मध्यस्थ ग्राहकाच्या वतीने वस्तू घेतो, ती आपल्या वखारीत उतरवून घेतो आणि पुढे परदेशी रवाना करतो. आपल्याकडील अडत्याचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

येथे हिशेब नीट समजला पाहिजे. उदाहरणादाखल घड्याळाची किंमत ८,००० येन धरू. मध्यस्थाचे शुल्क ५००, जपानमधील टपालखर्च ७०० आणि भारतापर्यंतचा खर्च २,००० येन धरला, तर बेरीज ११,२०० होते. म्हणजे मूळ किमतीवर ४० टक्के चढले, आणि जकात अद्याप बाकीच आहे. जकातीची आकारणी केवळ वस्तूच्या किमतीवर होत नाही, तर वाहतूक व विमा यांचा खर्च मिळवून होते. वैयक्तिक उपयोगासाठी आणलेल्या मालावरील मूळ जकातीचा दर अनेक वर्षे ३५ टक्के होता. पुढील अर्थसंकल्पांतून तो उतरला. तरी मूळ जकातीखेरीज वस्तू व सेवा करही द्यावा लागतो. मागणी नोंदविण्यापूर्वी चालू दर पाहावा हेच बरे. अनेक वस्तू घ्यावयाच्या असल्यास त्या वखारीत एकत्र बांधून घेतल्याने टपालखर्च वाचतो.

या ठिकाणी एक मोह उभा राहतो. किंमत कमी लिहावी, किंवा पुडक्यावर 'भेट' असे लिहून घ्यावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. किंमत खोटी सांगणे हा १९६२ च्या जकात कायद्याखालील गुन्हा आहे. आणि भेट म्हणून टपालाने माल आणून जकात चुकविण्याची वाट सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये, राखी व जीवरक्षक औषधे वगळून, बंद केली आहे. शिवाय पुडके वाटेत गहाळ झाले, तर भरपाई मिळेल ती कागदावर लिहिलेल्या किमतीपुरतीच. खोटेपणाचा दंड असा दोन्हीकडून बसतो.

वस्तूची पारखही करावयास हवी. जपानी विक्रेता ज्या वस्तूवर 'जंक' अशी नोंद करतो, ती चालू असल्याची हमी तो घेत नाही. स्वस्ताईला भुललेला ग्राहक नेमका येथे फसतो. याहूच्या लिलावात अखेरच्या पाच मिनिटांत कोणी बोली चढविली, तर पुष्कळदा मुदत आणखी पाच मिनिटे वाढते. म्हणून आपली कमाल बोली आधीच ठरवावी आणि चुरशीच्या भरात ती ओलांडू नये. विजेची उपकरणे घेताना जपानमधील दाब १०० व्होल्ट असतो व आपल्याकडे २३० असतो, याचा विसर पडू नये. लिथियमच्या बॅटऱ्यांना हवाई टपालात कडक निर्बंध आहेत. हस्तिदंती वस्तूंच्या वाटेस तर जाऊच नये. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा त्यांच्या आड येतो.

मग एवढा खटाटोप करावा कशासाठी? जी वस्तू येथील पेठेत मिळते, तिच्यासाठी करूच नये. मात्र जिचे उत्पादन थांबले, जिचे सुटे भाग इकडे दुर्मीळ झाले, पण जिच्याशी घरातील एखादी आठवण जोडलेली आहे, तिच्यासाठी हा मार्ग उपयोगी आहे. साठ वर्षांपूर्वी जपानी कारागिरांची विद्या बंगळूरला आली आणि तिच्यातून वडिलांच्या मनगटावरचे घड्याळ घडले. आज मुलगा त्याच घड्याळाचे भावंड महादेवपुऱ्यात आणतो आहे. पूर्ण किंमत सांगून, योग्य ती जकात भरून ते घरी आले, तर ते वडिलांच्या हाती देताना मनात कसलाही संकोच उरणार नाही.