नमुन्यावरचा होकार : तोंडी नको, सहीचा हवा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात कपड्याच्या धंद्यावर हजारो घरे चालतात. कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर १९४९ साली उल्हासनगर वसले. फाळणीत सिंधमधून उखडून आलेल्या लोकांनी येथे लहानसहान विक्रीपासून सुरुवात करून मोठे बाजार उभे केले. आज गजानन मार्केट आणि जपानी बाजारात लांबून गिऱ्हाईक येते. आपल्या समाजातील कितीतरी तरुण या बाजारासाठी कटिंग, शिलाई, जरीकाम करतात, आणि अंबरनाथ-बदलापूरकडे घरी कॉम्प्युटर ठेवून प्रिंटची डिझाइन काढणारेही बरेच झाले आहेत. हातात हुनर आहे, मेहनतीची तयारी आहे. तरी एक तक्रार नेहमी कानावर येते, "पार्टीला डिझाइन पसंत होते, माल तयार झाल्यावर पार्टी फिरली."

आमच्या अनुभवाने पुष्कळदा पार्टी फिरलेली नसते. होकार मुळात नीट घेतलेलाच नसतो.

आमचाच मामला सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पार्टीसाठी आम्ही ड्रेस मटेरियलचे प्रिंट तयार करून घेतले. नमुना घेऊन संध्याकाळी दुकानात गेलो. शेठचे चिरंजीव गादीवर होते. ट्यूबलाइटखाली कापड पाहून ते म्हणाले, "साईं, एकदम बढिया, छापून टाका." आम्ही चार हजार मीटर छापले. माल पोहोचला तो सकाळी, आणि या वेळी थोरले शेठ हजर होते. उन्हात मेंदी रंग तपकिरी दिसू लागला. त्यांनी गाठोडी परत पाठवली. चिरंजीव मान खाली घालून बसले. आमच्याकडे ना सही होती, ना तारीख, ना नमुन्याचा तुकडा. तो माल शेवटी अर्ध्या भावात काढावा लागला. दोष आम्ही कोणाला देणार? तेव्हापासून जी पद्धत ठेवली ती येथे मांडतो.

आधी विचारा, मग काढा

कापड कोणते, माल कोणत्या बाजारात जाणार, मीटरचा भाव किती, किती रंग परवडतील, माल केव्हा हवा आणि अखेरचा निर्णय कोण घेणार, हे सहा प्रश्न काम घेतानाच विचारून लिहून ठेवावेत. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. म्हणजे सहा रंगांचे डिझाइन चार रंगांत बसवले तर दोन स्क्रीनचा खर्च वाचतो. रोटरी छपाईत स्क्रीनचा घेर बहुधा ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून नक्षीचा रिपीट त्यात पूर्ण बसणारा, म्हणजे ६४, ३२ किंवा १६ सेंटिमीटरचा ठेवावा लागतो. ज्या डिझाइनरला हा हिशेब सांगता येतो, त्याचे बोलणे शेठ लक्ष देऊन ऐकतात. "सुंदर आहे" यापेक्षा "तुमच्या भावात बसते" हे वाक्य अधिक वजनदार असते.

तीनच नमुने दाखवा

दहा डिझाइन पुढे टाकली तर पार्टी गोंधळते आणि "अजून काही दाखवा" म्हणते. तीन पुरेत. प्रत्येकाला नंबर द्यावा आणि एका वाक्यात कारण सांगावे. "कसे वाटते?" असे विचारू नये, त्याला "ठीक आहे" एवढेच उत्तर मिळते. "एक नंबरची जमीन आणि दोन नंबरची बॉर्डर, असे चालेल का?" असे विचारावे, म्हणजे उत्तर पक्के येते. आपल्या नमुन्यात काही उणीव असेल तर ती आपणच आधी सांगावी. त्याने सौदा क्वचितच बिघडतो, भरवसा मात्र वाढतो.

होकार कापडावर घ्या

मोबाइलवर किंवा कागदावर दिसणारा रंग कापडावर तसाच उतरत नाही. म्हणून रंगासाठी आधी लॅब डिप, म्हणजे रंगवलेले छोटे तुकडे, दोन-तीन छटांत दाखवावेत. त्यानंतर स्ट्राइक-ऑफ, म्हणजे ज्या कापडावर माल छापायचा त्याच कापडावरची चाचणी छपाई. हे तुकडे दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे पाहायला लावावेत. दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांतून आलेली छटा एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात निराळी दिसू शकते. आमचा मेंदी रंग असाच दगा देऊन गेला.

जीन्समध्ये तर धुतल्याशिवाय नमुना म्हणूच नये. धुलाईत डेनिम आटते आणि रंगही उतरतो. शिलाई एकीकडे आणि धुलाई दुसऱ्या गावी असेल तर पास झालेल्या नमुन्याचा एक तुकडा धुलाईवाल्याकडेही हवा. फिकी, मधली आणि गडद, अशा तिन्ही छटा ठरवून घ्याव्यात, म्हणजे थोड्याफार फरकावरून वाद होत नाही.

सही कोणाची, कशावर

पास झालेल्या कापडाचे तीन तुकडे करावेत. एक पार्टीकडे, एक कारखान्याकडे, एक आपल्याकडे. प्रत्येकावर डिझाइन नंबर, तारीख, मीटर, भाव, आणि ज्याचा शब्द अखेरचा त्याची सही. चिरंजीव किंवा मॅनेजरने पास केले तरी "शेठची सही झाली की मशीनवर चढवतो" असे अदबीने म्हणावे. किती वेळा बदल करून देणार आणि त्यापुढे काय पैसे पडतील, तेही सुरुवातीलाच सांगावे.

कायदा काय म्हणतो

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ प्रमाणे नमुन्यावरून सौदा झाला तर सर्व माल नमुन्याच्या दर्जाचा असला पाहिजे, आणि ताडून पाहण्याची रास्त संधी खरेदीदाराला मिळाली पाहिजे. म्हणजे सहीचा तुकडा दोघांचेही रक्षण करतो.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात खरेदीदाराने मालाबद्दलची हरकत १५ दिवसांत लेखी घ्यावी आणि पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, अशी तरतूद आहे. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत लहान युनिटांना हा लाभ आहे. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना तो मिळत नाही. म्हणून तरुण डिझाइनरांनी नोंदणी करून घ्यावी.

डिझाइन चोरीची भीतीही असते. डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदणी केल्यास १० वर्षे, आणि पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. पण डिझाइन आधीच जगजाहीर झालेले नसावे. कापडाच्या डिझाइनला कलम १६ मध्ये खास सवलत आहे : नोंदणीसाठी ठेवलेल्या डिझाइनची पहिली गुप्त ऑर्डर स्वीकारली तर तेवढ्याने ते जाहीर झाले असे मानत नाहीत. तेव्हा नमुना दाखवताना "गुप्त" असे लिहून द्यावे आणि नोंदणी लवकर उरकावी.

काही बांधवांना वाटते, सही मागितली तर पार्टीला अविश्वास वाटेल. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. हातोहात व्यवहारात न लिहिले तर हरकत नाही, अशी सवलतही तीत आहे. पण आपला धंदा हातोहात कुठे चालतो? आज नमुना, महिन्याने माल, दोन महिन्यांनी पैसे. इतक्या दिवसांत भले माणूसही विसरते. ते विसरले तरी संबंध तुटू नयेत, यासाठीच ती सही. त्या परत आलेल्या मालानंतरही ती पार्टी आमच्याकडे येते. आता थोरले शेठ स्वतः विचारतात, "तुकडा आणलात ना? द्या, सही करतो."