दोष गोठ्यात, खापर फ्रिजवर

पावसाळा लागला की हे वाक्य हमखास कानावर येतं: "गोठ्याचा एमसीबी बंदच ठेवलाय, तरी घरचा ट्रिपर पडतो. म्हणजे गोठ्याचा काही संबंध नाही." मग संशय फ्रिजवर, कारण फ्रिज चालू झाला की ट्रिपर पडतो. फ्रिज दुरुस्तीला जातो, ठणठणीत निघतो. शेवटी कुणीतरी शहाणा ट्रिपरच, म्हणजे आरसीसीबीच, खराब ठरवून त्याच्या वायरी थेट जोडून देतो. इथे मात्र डोकं फिरतं.

घरोघरी असतो तो एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो. तो खाली पाडल्यावरही गोठ्याची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलला जोडलेलीच राहते. आता आरसीसीबीचं काम बघा. फेजवरून गेलेला करंट आणि न्यूट्रलवरून परत आलेला करंट यांचा तो सतत हिशेब मांडतो. आयएस 12640 या भारतीय मानकानुसार 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या तफावतीला पडता कामा नये आणि 30 ला पडलाच पाहिजे. त्यामुळे 22-25 ला पडला तर तो बिघडला, असं नव्हे.

गोठ्यात न्यूट्रलचं इन्सुलेशन पत्र्याच्या अँगलवर घासून तांबं उघडं पडलंय आणि अँगल ओल्या जमिनीत उतरलाय, असं समजा. घरात फ्रिज चालू झाला, एक अँपिअर करंट गेला. परत येताना त्यातला बराचसा घरच्या वायरीने आला, थोडा गोठ्यातल्या अँगलमधून जमिनीत उतरून ट्रान्सफॉर्मरकडे गेला. एका अँपिअरचे तीन टक्के जरी असे जमिनीत गेले, तरी 30 मिलिअँपिअर होतात. ट्रिपर पडला. फ्रिजने काय केलं? काहीच नाही!

शोधायचं कसं? मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि घरच्या बोर्डातून गोठ्याची फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी सोडवा. टोकांना वेगवेगळी टेप लावून मेन चालू करा. आता फ्रिज निवांत चालला, तर दोष गोठ्याच्या लाइनमध्ये आहे. हे हात घालायचं काम परवानाधारक वायरमनचं. तुम्ही शेजारी उभं राहून "न्यूट्रलपण सोडव" एवढं म्हणा. पुढे गोठ्यातले सगळे बल्ब, प्लग काढून, लाइन सुटलेलीच ठेवून, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावायचा. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला की जागा शोधायची: अँगलच्या धारा, पत्र्याच्या स्क्रूखाली चेपलेली वायर, छताखालचे जॉइंट, उंदरांनी कुरतडलेला पाइप. साध्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. त्याच्या बॅटरीच्या दाबाला ओल बऱ्याचदा दिसत नाही. मेगर 500 व्होल्ट लावतो. शेणामुताच्या अमोनियाने तांब्यावर हिरवट थर चढतो, तेव्हा बोर्डाची झाकणंही उघडायला लावा.

बाकीचे समज थोडक्यात. "एमसीबी आहे, शॉकची भीती नाही": एमसीबी जादा करंट आणि शॉर्ट ओळखतो, माणसाला मारायला लागणारा करंट त्याच्या हिशेबी शून्य. "गोठ्याला वेगळा रॉड ठोकलाय": रॉडचा रोध 20 ओहम असेल तर 230 व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील, 16 अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि कडबाकुट्टीची बॉडी जिवंत राहील. "टेस्टर पेटतोय, म्हणजे लाइन बरोबर": न्यूट्रल तुटली असेल तर दोन्ही वायरींवर पेटू शकतो. "टी बटण दाबलं, पडला, म्हणजे अर्थिंग चांगलं": ते बटण फक्त ट्रिपरची यंत्रणा तपासतं. "कडबाकुट्टी उचलत नाही, मोटरच गेली": घरापासून 50 मीटरवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली असेल, तर जाऊन-येऊन सव्वा ओहमच्या आसपास रोध होतो. सुरू होताना मोटरने 30 अँपिअर ओढले की 36 व्होल्ट वायरीतच जातात. आणि म्हैस पाण्याच्या टाकीजवळ जायला बिचकत असेल तर नजर उतरवण्याआधी टाकी आणि जमीन यांमधला व्होल्टेज मोजा. माणसाला न जाणवणारे तीन-चार व्होल्ट जनावराला जाणवू शकतात.

गोठ्याच्या लाइनला दोन पोलचा स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा आणि तिची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलपासून त्याच्या पुढे वेगळीच ठेवा. घरचा मुख्य आरसीसीबीही 30 चाच असेल तर गोठ्यातल्या दोषाने तोही पडू शकतो. मग दोन्ही लाइनी मेन स्विचपासूनच वेगळ्या करून घ्या. आणि आरसीसीबी टाळून थेट जोडलेल्या त्या वायरी आजच सोडवून घ्या.