आधी कॅलेंडर, मग अंदमान

नांदेड-लातूरकडच्या माणसाला अंदमान पहिल्यांदा माहीत होतं ते पावसाच्या बातमीतून. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पेपरात चौकट येते, ‘मान्सून अंदमानात दाखल’, आणि पारावर हिशेब सुरू होतो: केरळात एक जूनला, आपल्याकडे मृगात, म्हणजे पेरणी साधेल का? बेटावर सुट्टीला जाऊ पाहणाऱ्यानं हीच बातमी उलट्या बाजूनं वाचावी. ज्या पावसाची आपण इथं वाट पाहतो, तोच तिथल्या बोटी धक्क्याला बांधून ठेवतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की हॉटेल, पॅकेज, कोणत्या बेटावर किती रात्री हे सगळं नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. आपल्या भागातली अडचण अशी, की सुट्टी बापाच्या हातात नसते, लेकराच्या परीक्षेच्या हातात असते. लातूर पॅटर्नची सवय लागलेल्या घरात दोन वर्षं कुणी कुठं हलत नाही. ‘नीट’ बहुधा मेच्या पहिल्या रविवारी होते आणि मग एकदाचं घर मोकळं होतं. पण तिथून मान्सून अंदमानात पोचायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, शिवाय मेमधला उकाडा दमट आणि चिकट. जायचंच असेल तर परीक्षेनंतर लगेच निघावं. निकालाची वाट बघत बसलात, तर खिडकीतून पाऊस बघायला जाल.

दिवाळीच्या सुट्टीचं गणित तर आणखी फसवं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. डिसेंबर २०१६मध्ये, पुढं ‘वरदा’ नाव मिळालेल्या वादळाची जुळवाजुळव अंदमानजवळ चालू असताना हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले. बोटी बंद, विमानं चुकलेली. शेवटी नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. दरवर्षी असं होतं असं नाही, पण दिवाळीची गर्दी, चढलेलं तिकीट आणि बेभरवशाचं आभाळ एकत्र आलेलं मला परवडणारं वाटत नाही. दिवाळीत समुद्र हवाच असेल तर आपलं कोकण आहे.

अंदमानसाठी उत्तम काळ जानेवारी ते एप्रिलचा मध्य. समुद्र शांत, पाणी नितळ. लहान लेकरांच्या घरांनी संक्रांत ते प्रजासत्ताक दिन हा पट्टा धरावा. आडत दुकानदाराला तुरीची आवक ओसरेपर्यंत हलता येत नाही, शेतकऱ्याला हरभरा घरात येईपर्यंत. त्यांनी मार्चचा शेवट धरावा.

‘एवढ्या लांब, पाण्यानं वेढलेल्या जागी कशाला?’ असं घरातली म्हातारी माणसं म्हणतात. त्यांना सांगायला हवं, की तुम्ही रामेश्वर केलंत तेव्हा बेटावरच गेला होतात. रामेश्वर पांबन बेटावर आहे. रेल्वे समुद्रावरच्या पुलावरून तिथं जाते. अग्नितीर्थात समुद्रस्नान, मग बावीस तीर्थांचं पाणी अंगावर, मग दर्शनाची वाट, हे आपल्याकडच्या किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. त्या बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी १९६४च्या डिसेंबरमधल्या वादळात उद्ध्वस्त झालं, तेव्हा वादळाचा धडाही नवा नाही. फरक इतकाच, की रामेश्वरला पुण्य मिळवायला जायचं होतं, अंदमानला नुसतं बसायला जायचं आहे. आपल्या माणसाला हे दुसरंच जास्त अवघड जातं.

आता रस्ता. सवयीनं आपण मुंबई किंवा पुणे धरतो, म्हणजे पूर्वेला जायचं म्हणून आधी पश्चिमेला जातो. हैदराबाद आपल्याला कितीतरी जवळ. नांदेडहून देवगिरी किंवा अजिंठा एक्स्प्रेस आहे. लातूरहून उदगीर-बीदरमार्गे गाडी किंवा रेल्वे. हैदराबादहून अंदमानचं विमान अडीच-तीन तासांत पोचतं. फक्त विमानतळ शमशाबादला, शहराच्या पार दक्षिण टोकाला आहे, आणि अंदमानची विमानं बहुधा सकाळची असतात. तेव्हा रात्रीच्या गाडीच्या भरवशावर राहू नये, आदल्या संध्याकाळीच हैदराबाद गाठावं. केंद्र सरकारी नोकरांना, जसं आपल्याकडच्या पोस्टाच्या मंडळींना, एलटीसीत अंदमानच्या विमानप्रवासाची खास सवलत मिळत आली आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढते, म्हणून आधी कार्यालयात विचारून घ्यावं.

हैदराबादेत काचीगुडा स्टेशनवर उतरलात आणि दोन तास हातात असले, तर जवळच कोठी हा भाग आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी तिथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला केला होता. मौलवींना जन्मठेपेवर अंदमानला पाठवलं. त्याच धामधुमीत देगलूरपलीकडच्या कौलास संस्थानाशी संधान बांधून उठावाची जुळणी करणारे रंगराव पागे पकडले गेले. त्यांचीही फाशी रद्द होऊन काळं पाणी झालं. सावरकर १९११मध्ये तिथं नेले गेले, ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्याच्या पन्नास वर्षं आधी निजामाच्या मुलखातली माणसं त्या बेटांवर पोचली होती, तीही सेल्युलर जेल बांधला जाण्याआधी. हा तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात उभा राहिला. कोठड्यांच्या सात ओळींपैकी आज तीनच शिल्लक आहेत. तो उरकायचा ‘पॉइंट’ नव्हे. अर्धा दिवस द्यावा आणि संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढून ठेवावं.

नावांचा गोंधळ उडतो, तो आधीच निस्तरतो. पोर्ट ब्लेअर २०२४पासून ‘श्री विजयपुरम’ झालं. हॅवलॉक म्हणजे ‘स्वराज द्वीप’, नील म्हणजे ‘शहीद द्वीप’, रॉस म्हणजे ‘नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप’. ही तीन नावं २०१८ची. बोटवाले, हॉटेलवाले जुनी नावंच वापरतात. तिकिटावर एक आणि पाटीवर दुसरं दिसलं तर घाबरू नका.

हॅवलॉकचा राधानगर किनारा लांब, पांढरा आणि गर्दीतही ऐसपैस. पण माझं मन नीलवर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी वसवलेलं हे बेट. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी किनाऱ्यांची नावं. भाजीचे मळे, नारळ, सायकलीवरून संपणारं गाव. पाच रात्रींच्या पॅकेजात नीलला एक रात्र देतात, ती दोन करून घ्या आणि बाराटांग बेटाच्या सहलीचा दिवस कापा. बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, वाहनं ठरल्या वेळी ताफ्यानं सोडतात, त्या माणसांचे फोटो काढणं गुन्हा आहे; तरी काही प्रवासी काचेला नाक लावून बसतात. हा प्रकार मला पाहवत नाही.

बेटांमधला प्रवास बोटीचा. सरकारी बोटी स्वस्त, खासगी वेगवान. खवळलेल्या पाण्यात दोन्हींत मळमळतं, तेव्हा उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी. सगळ्यात मोठा नियम: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच. सकाळची बोट आणि दुपारचं विमान असं जुळवून देणाऱ्या एजंटाला सरळ नाही म्हणा.

दुसरी गोष्ट उजेडाची. घड्याळ आपलंच, पण अंदमान आपल्या सोळा अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य तासाभराच्या आसपास पुढं. डिसेंबर-जानेवारीत साडेपाचपर्यंत अंधारून येतं. ‘चार वाजता चहा पिऊन किनाऱ्यावर जाऊ’ म्हणणाऱ्यांच्या हाती अंधारच लागतो. पहाटे पाचला उठणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांची मात्र तिथं चंगळ.

विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांनी समुद्राला विहीर समजू नये. पाणी आत ओढतं, खाडीच्या बाजूला मगरी आहेत. जीवरक्षक म्हणेल तिथंच उतरावं. स्कूबा करणार असाल तर दमा, रक्तदाब, हृदयविकार लपवू नका, आणि स्कूबा व विमान यांत पूर्ण एक दिवस ठेवा. किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ लेकरांनी खिशात घातले तर तिथंच ठेवायला लावा. विमानतळावर सामान तपासतात आणि वन्यजीव कायदा लागू होतो.

जेवणाची काळजी नको. मासे, भात, बंगाली-दाक्षिणात्य ताट सगळीकडे. माळकऱ्यांनाही डाळ-भात-भाजी मिळते. तरी बोटीच्या दिवसांसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. थोडी रोख ठेवा. छोट्या बेटांवर नेटवर्क रुसतं.

आणि एक विनंती. पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या कितीतरी पट. तरीही उन्हाळ्यात धनीखारी धरणाची पातळी उतरली की शहरात पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा येतं. २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरनं भरलं आहे. तेव्हा समुद्रातून आल्यावर हॉटेलच्या नळाखाली उभं राहाल, तर वाळू निघाली की नळ बंद करा.