एक वीत आणि बेचाळीस किलोमीटर

शाळेच्या मैदानावर शंभर मीटर मोजून दोन्ही टोकांना फक्कीच्या रेघा मारा. एका मैत्रिणीला घड्याळ घेऊन शेवटच्या रेघेवर उभी करा आणि ते अंतर बरोबर 22 सेकंदांत कापा. फार अवघड नाही, पाचवी-सहावीतल्या बऱ्याच जणांना जमेल. आता मध्ये एक सेकंदही न थांबता त्याच वेगानं पुन्हा शंभर मीटर. मग पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी पोटऱ्या बोलायला लागतील, दहाव्या वेळी तोंडातून शब्द फुटणार नाही. आता विचार करा, हेच 422 वेळा!

करून बघू नका हं, तुमची हाडं अजून वाढताहेत. पण हे करणारी एक बाई आहे. 20 जानेवारी 2019 च्या सकाळी मुंबई मॅरेथॉनमध्ये सुधा सिंग 42.195 किलोमीटर धावल्या, ते 2 तास 34 मिनिटं 56 सेकंदांत. भागाकार केलात तर दर शंभर मीटरला 22 सेकंद येतात. भारतीय महिलांसाठी तो तेव्हा या स्पर्धेतला नवा विक्रम ठरला. आदल्या वर्षीही भारतीय महिलांमध्ये त्याच पहिल्या होत्या आणि 2020 मध्येही त्याच. आणि या तिन्ही वर्षी दुसऱ्या कोण होत्या, माहीत आहे? आपल्या परभणीच्या ज्योती गवते!

सुधाताईंचा जन्म 1986 चा, उत्तर प्रदेशातल्या रायबरेली जिल्ह्यातला. तिथून लखनौ जवळच. धावण्याचं रीतसर शिक्षण घ्यायला त्या लखनौला आल्या, साधारण 2003 च्या सुमारास. लखनौ म्हटलं की आपल्याला चिकनकारीचे कुडते आठवतात, भूलभुलैया आठवतो. पण हे खेळाडूंचंही शहर आहे. शहराच्या मधोमध के. डी. सिंग 'बाबू' स्टेडियम आहे. 1952 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाच्या कर्णधाराचं नाव त्याला दिलंय. गोमती नदीच्या काठचं हे शहर अगदी सपाट आहे आणि उन्हाळ्यात तिथला पारा चाळीसच्या वर जातो. तिथं लांब पळायचं तर उजाडायच्या आत उठावंच लागतं.

पुढे सुधाताई रेल्वेत नोकरीला लागल्या, तीही मध्य रेल्वेत. म्हणजे रायबरेलीची मुलगी, लखनौत घडलेली आणि खेळली मुंबईच्या रेल्वेकडून.

आता खरी गंमत सांगते. सुधाताईंची मुख्य शर्यत मॅरेथॉन नव्हतीच! त्यांची शर्यत होती 3000 मीटर स्टीपलचेस, अवघ्या साडेनऊ-दहा मिनिटांची. यात नुसतं पळायचं नसतं. वाटेत 28 वेळा लाकडी अडथळे ओलांडायचे असतात आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा. महिलांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तुमच्या जेवणाच्या टेबलाएवढी. साध्या हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. हा पडत नाही, तुम्ही पडता. पाण्याचा खड्डा साडेतीन मीटरपेक्षा लांब असतो. अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो, म्हणून जितकी लांब उडी तितका पाय कमी भिजतो. तरी बूट भिजतातच, आणि त्याच ओल्या बुटांनी पुढची फेरी मारायची!

2010 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूला आशियाई खेळ झाले. महिलांची स्टीपलचेस आशियाई खेळांत तेव्हा पहिल्यांदाच आली होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात सुधाताई आणि चीनची जिन युआन अगदी खांद्याला खांदा लावून. सुधाताईंची वेळ 9 मिनिटं 55.67 सेकंद आणि जिन युआनची 9 मिनिटं 55.71. फरक एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी फक्त चार भागांचा! त्यांच्या सरासरी वेगानं हिशेब केला तर हे अंतर होतं वीस सेंटिमीटर. हाताची बोटं ताणून टेबलावर ठेवा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा. तीन किलोमीटर पळून, पस्तीस वेळा उड्या मारून, सुवर्ण आणि रौप्य यांच्यामध्ये उरली ती एवढीशी वीत.

मला पडलेला प्रश्न हा की दहा मिनिटांत संपणारी आणि अडीच तास चालणारी, अशा दोन शर्यती एकच शरीर कशा जिंकतं? शंभर मीटर जिंकणारा माणूस कधी मॅरेथॉन जिंकताना दिसतो का? नाही दिसत. मग दहा मिनिटंवाली कशी जिंकते?

उत्तर आपल्या स्नायूंमध्ये आहे. स्नायूंत दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. जलद तंतू दणकन जोर लावतात आणि लवकर दमतात. संथ तंतू कमी जोर लावतात, पण तासन् तास कामाला तयार असतात. शंभर मीटरवाल्याचा सगळा भरवसा जलद तंतूंवर असतो. त्या दहा-अकरा सेकंदांत लागणारी बहुतेक ऊर्जा स्नायू ऑक्सिजनची वाट न बघताच मिळवतात. पण शर्यत दोन-तीन मिनिटांच्या पुढे गेली की ऑक्सिजनशिवाय भागत नाही. दहा मिनिटांच्या शर्यतीतही बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीनंच तयार होते. म्हणजे घड्याळात बघितलं तर स्टीपलचेस शंभर मीटरच्या जवळची वाटते, पण शरीराच्या आतून बघितलं तर ती मॅरेथॉनची सख्खी बहीण आहे!

हा ऑक्सिजन नाकापासून पायापर्यंत पोचवणं हीच लांब पळणाऱ्यांची खरी कमाई, आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावानं होते. हृदयाचा डावा कप्पा मोठा आणि ताकदवान होतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो. म्हणून अशा खेळाडूंची नाडी आरामात बसलेले असताना मिनिटाला चाळीस-पन्नासच पडते. तुमची मोजा बरं, सत्तर-ऐंशीच्या घरात असेल. स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या फुटतात, केसाहूनही बारीक. पेशींमधल्या तंतुकणिका वाढतात. विज्ञानाच्या पुस्तकात पेशीच्या चित्रात शेंगदाण्यासारखं काहीतरी काढलेलं असतं ना, त्याच त्या. अन्नातून ऊर्जा काढायचं काम तिथं चालतं. आणि ऑक्सिजन वाहून नेतं रक्तातलं हिमोग्लोबिन. त्यासाठी शरीरात लोह हवं. मुलींना लोह जास्त लागतं आणि आपल्या देशात बऱ्याच मुलींच्या रक्तात ते कमी असतं. पालेभाजी ताटात बाजूला सारणाऱ्या मैत्रिणींनो, हे वाक्य पुन्हा वाचा.

भारताच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची शिबिरं उटीला होतात, तीही याचसाठी. उटी दोन हजार मीटरहून उंच. तिथं हवा विरळ, समुद्रकाठच्या मानानं श्वासागणिक ऑक्सिजन सुमारे तीन चतुर्थांशच मिळतो. मग शरीर काय करतं? जास्त तांबड्या पेशी तयार करतं. काही आठवड्यांनी तो खेळाडू खाली उतरला की वाढीव पेशी काही दिवस त्याच्या सोबतीला असतात.

या शर्यतींच्या अदलाबदलीत आपल्या साताऱ्याच्या ललिता बाबर यांची गोष्ट सांगायलाच हवी. माण तालुक्यातलं मोही हे त्यांचं गाव, दुष्काळी भाग. ललिताताई आधी मॅरेथॉनच्या! 2012, 2013 आणि 2014, सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. मग त्या स्टीपलचेसकडे वळल्या. सुधाताई मात्र स्टीपलचेसकडून मॅरेथॉनकडे आल्या. दोघींचेही प्रशिक्षक बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह. 2014 च्या आशियाई खेळांत ललिताताई तिसऱ्या आणि सुधाताई चौथ्या, मध्ये अंतर 0.27 सेकंदांचं. मे 2016 मध्ये सुधाताईंनी शांघायला 9 मिनिटं 26.55 सेकंदांत स्टीपलचेस पूर्ण करून ललिताताईंचा राष्ट्रीय विक्रम आपल्या नावावर केला. तीन महिन्यांत रिओ ऑलिंपिकमध्ये ललिताताईंनी 9 मिनिटं 19.76 सेकंदांत पळून तो परत घेतला आणि अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषांच्या 1984 च्या शर्यतीनंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत धावत होती! अशी तोडीस तोड मैत्रीण समोर असली की दोघींचाही वेग वाढतो, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

सुधाताईंसाठी रिओ फार वाईट गेलं. प्राथमिक फेरीतच त्या मागे पडल्या आणि भारतात परतल्यावर स्वाइन फ्लूचं निदान झालं. असा आजार फुप्फुसांवरच येतो, आणि धावपटूची सारी मिळकत तर तिथूनच सुरू होते. तरी पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. त्याआधी 2009, 2011 आणि 2013 मध्ये याच स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं होतं. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत पुन्हा रौप्य. मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात थोर काय वाटतं म्हणाल तर ही चिकाटी, ग्वांगझूच्या सुवर्णाहूनही जास्त.

आता मॅरेथॉनकडे वळू, कारण तिथं शरीरापुढे दोन वेगळीच संकटं असतात.

पहिलं संकट साखरेचं. स्नायू आणि यकृत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात. त्यातून 1600 ते 2000 किलोकॅलरी मिळतात. आणि 50 किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनला लागतात सुमारे 2100. बघितलंत, घोडं कुठं अडतं? म्हणून तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास अनेकांचा साठा संपत येतो. पाय शिशाचे होतात, डोकं सुन्न होतं. धावणारे म्हणतात, 'भिंत आली'. शरीरात चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. सराव केलेलं शरीर सुरुवातीपासूनच थोडी थोडी चरबी वापरून साखर राखून ठेवतं. अनेक अभ्यासांत असं दिसलंय की स्त्रियांचं शरीर हे काम पुरुषांपेक्षा जरा जास्त करतं आणि मॅरेथॉनमध्ये स्त्रिया शेवटपर्यंत वेग अधिक सारखा ठेवतात.

दुसरं संकट उष्णतेचं. स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता होऊन जाते. ती बाहेर पडलीच नाही, तर मॅरेथॉन संपेपर्यंत अंगाचा पारा सत्तर अंशांच्या वर जाईल! वाचवतो तो घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. घरचा माठ पाझरतो आणि आतलं पाणी गार होतं, ते ह्याच युक्तीनं. आणि पावसाळ्यात माठातलं पाणी तितकं गार होत नाही, कारण हवा आधीच दमट असते. मुंबईची हवा कायमच दमट, म्हणून तिथं नुसता घाम गळतो, वाळत नाही. स्पर्धा जानेवारीत आणि पहाटे-सकाळी ठेवतात ती यासाठीच.

2015 च्या ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळ्यात, बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत सुधाताई मॅरेथॉन धावल्या. वेळ 2 तास 35 मिनिटं 35 सेकंद, जगात एकोणिसाव्या. त्यांच्या एकच जागा पुढे कोण? भारताच्याच ओ. पी. जैशा, 2 तास 34 मिनिटं 43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून! अठरावी आणि एकोणिसावी, दोघी भारतीय, पाठोपाठ.

आणि हे सगळं फार जुनं नाही बरं का. पुरुषांची मॅरेथॉन पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून, म्हणजे 1896 पासून आहे. स्त्रियांना मात्र 1984 पर्यंत थांबावं लागलं, अठ्ठ्याऐंशी वर्षं! बायकांच्या शरीराला इतकं अंतर झेपायचं नाही, असं मोठमोठी माणसं ठामपणे सांगत. 1967 मध्ये बोस्टनला कॅथरीन स्विट्झर धावत असताना स्पर्धेच्या एका अधिकाऱ्यानं मध्ये घुसून तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला होता. ती पळत राहिली आणि शर्यत पूर्ण केली. महिलांची स्टीपलचेस तर ऑलिंपिकमध्ये थेट 2008 ला आली. म्हणजे सुधाताई लखनौत सराव करत होत्या, तेव्हा ज्या शर्यतीत त्या पुढे दोनदा ऑलिंपिकला जाणार होत्या, ती ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. याचा मला अजूनही राग येतो, आणि त्यांचा अभिमानही वाटतो.

2012 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांनी दिल्लीची मॅरेथॉनही जिंकली.

जानेवारीत मुंबईला असाल तर मोठ्या माणसांना लवकर उठवा आणि पेडर रोडच्या चढाजवळ उभे राहा. मॅरेथॉनवाल्यांना हा चढ परतीच्या वाटेवर लागतो, नेमका साखर संपत आलेली असताना. पुढच्या बायका आल्या की कुणा एकीच्या उजव्या पायावर नजर ठेवा. पंधरा सेकंदांत तो किती वेळा जमिनीला टेकला ते मोजा आणि आठनं गुणा, मिनिटाची पावलं मिळतील. 180 च्या आसपास आकडा यायला हवा. चढावरही तो आकडा फारसा उतरला नसेल तर तिचा नंबर वहीत टिपून ठेवा आणि संध्याकाळी निकालात शोधा.