आशा वजा जाता

टीव्हीवर २०१३ साली एक मुलगी दिसली आणि अमेरिकेतली कित्येक कुटुंबं घरंदारं सोडून कोलोरॅडोत येऊन राहिली. शार्लट फिगी तिचं नाव. आठवड्याला अपस्माराचे शेकडो झटके येणाऱ्या या मुलीचे झटके गांजाच्या अर्काने जवळजवळ थांबले होते. कोलोरॅडोत या अर्काचं तेल कायदेशीर मिळत होतं.

पुढे तिथल्या डॉक्टरांनी हे तेल घेणाऱ्या ७५ मुलांच्या नोंदी तपासल्या. झटके निम्म्याहून कमी झाले असं सांगणारे पालक मूळच्या रहिवाशांत २२ टक्के होते, तर मुद्दाम स्थलांतर करून आलेल्यांत ४७ टक्के! नोकरी, घर, नातलग सोडून आलेल्या आईबापांना गुण दिसायलाच हवा होता. त्यांना खोटं कोण म्हणेल? पण औषध असं ठरत नाही.

शार्लटला ड्रॅव्हे सिंड्रोम होता. यात बहुतेकदा ‘एससीएन१ए’ या जनुकात बिघाड असतो आणि मेंदूला आवर घालणाऱ्या पेशीच दुबळ्या पडतात. कार्बामॅझेपिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांनी झटके उलट वाढू शकतात. अशाच १२० मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. गांजातलं नशा न आणणारं कॅनाबिडिऑल शुद्ध करून निम्म्या मुलांना दिलं, बाकीच्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रावण. कोणाला काय मिळतंय हे पालकांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. औषधाच्या गटात महिन्याच्या मोठ्या झटक्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला, दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१ वर. तरीही बिनऔषधी गटातल्या २७ टक्के मुलांचे झटके निम्मे किंवा त्याहून कमी झालेच, औषधाच्या गटात ४३ टक्क्यांचे. मधला फरक हीच औषधाची खरी कमाई. मला ती थोडी वाटत नाही, पण तिला चमत्कारही म्हणवत नाही. पूर्ण थांबले ते फक्त ५ टक्क्यांचे.

२०१८ मध्ये अमेरिकेने याच शुद्ध कॅनाबिडिऑलच्या ‘एपिडिओलेक्स’ या औषधाला मान्यता दिली. मेंदूत ते नेमकं काय करतं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. यकृतात काय करतं ते मात्र माहीत आहे: झटक्यांवरच्या क्लोबाझाम या जुन्या गोळीपासून तयार होणारा एक प्रभावी घटक ते रक्तात साठवून ठेवतं. म्हणजे गुणाचा काही वाटा जुन्या गोळीचाही असू शकतो. गुंगी वाढते ती त्यामुळेच, मग क्लोबाझामचा डोस उतरवावा लागतो. व्हॅल्प्रोएट हे झटक्यांवरचं दुसरं औषध चालू असेल तर यकृताच्या तपासण्या आल्याच.

बाजारातल्या तेलांचं काय? २०१७ मध्ये ऑनलाइन मिळणारी अशी ८४ उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवरचं प्रमाण फक्त ३१ टक्क्यांत बरोबर निघालं. १८ बाटल्यांत नशेचं टीएचसीही सापडलं. आधीच दोन-तीन औषधं चालू असलेल्या मुलाला त्यातले किती थेंब द्यायचे, हे कोणता डॉक्टर सांगू शकेल?