मैदानावरून महासंघाच्या खुर्चीत

हैदराबादच्या गच्चीबोवली मैदानावर सप्टेंबर २०२४ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल चषक झाला, तेव्हा यजमान महासंघाचे अध्यक्ष होते माजी गोलरक्षक कल्याण चौबे. ते या पदावर कसे पोहोचले?

न्यायालयनियुक्त प्रशासकांचा कारभार ‘त्रयस्थांचा हस्तक्षेप’ ठरवून फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला निलंबित केले. गोव्यातही सामने होणार असलेला १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक धोक्यात आला. मतदारयादीत ३६ नामवंत खेळाडू घेण्याचा बेत फिफाच्या आक्षेपामुळे बारगळला, मते राज्य संघटनांकडेच राहिली आणि निलंबन उठले. २ सप्टेंबरला चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी जिंकले. हरले ते चक्क बायचुंग भुतिया! महासंघाच्या ८५ वर्षांत प्रथमच माजी खेळाडू अध्यक्ष झाला, तोही खेळाडूंना मताधिकार नसताना. हैदराबादेत मात्र सीरियाने भारताला ३-० असे नमवले.